गॅसचा सिलिंडर बदलताना इजा का होते? जोडण्या-सोडण्याचा नेमका क्रम

गॅस कटिंग करणाऱ्याला धोका कुठे असं विचारलं, की तो टॉर्चच्या टोकाकडे बोट दाखवतो. ज्वाला दिसते, तिची धग लागते, म्हणून माणूस तिथे आपोआप सावध असतो. दाबाने होणारी इजा मात्र अनेकदा नळीच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि तीही काहीच पेटलेलं नसताना. नट सैल करताना रेग्युलेटर (सिलिंडरमधला दाब कमी करून वायू नळीत सोडणारा भाग) उडतो, व्हॉल्व्ह झटक्यात उघडल्यावर गेजची, म्हणजे दाब दाखवणाऱ्या तबकडीची, काच फुटून डोळ्यात जाते, सुटलेली नळी तोंडावर बसते.

यातल्या बऱ्याच घटनांमध्ये सामान चांगलं असतं आणि माणूसही अनुभवी असतो. चुकतो तो क्रम. हा लेख त्या क्रमाविषयी आहे. उदाहरण ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या सेटचं घेतलं आहे, कारण त्यात जवळपास सगळेच धोके एकत्र येतात. आर्गॉन, नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड वापरणाऱ्यांनाही यातले बहुतेक टप्पे लागू पडतात. फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

एक आकडा डोक्यात ठेवा. भरलेल्या ऑक्सिजनच्या बाटल्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, साधारण १५० बार दाब असतो, काहींत २०० किंवा त्याहून जास्त. १५० बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे दीडशे किलोचा भार. ५० लिटरच्या बाटल्यात त्या दाबाला साडेसात हजार लिटर ऑक्सिजन मावतो.

आधीची तयारी

नवा बाटला आणण्याआधी पुढच्या गोष्टी हाताशी ठेवा. अर्ध्यात उठून पाना शोधायला जावं लागलं, की नेमकी तिथेच घाई होते.

- नटाच्या मापाचा पाना. पकड किंवा पाइप पाना नको, त्याने नटाचे कोपरे घासतात आणि पुढच्या वेळी नट नीट आवळत नाही.
- ॲसिटिलीनच्या व्हॉल्व्हची चावी, व्हॉल्व्ह चावीचा असेल तर.
- तुमच्या रेग्युलेटरच्या जोडाला वायसर किंवा ओ-रिंग लागत असेल, तर त्याच वायूसाठी बनवलेली नवी.
- तेल नसलेलं गळती तपासायचं द्रावण आणि ब्रश.
- बाजूनेही झाकणारा चष्मा. काळी काच इथे उपयोगाची नाही, साधी पारदर्शक हवी.
- स्वच्छ हात किंवा स्वच्छ हातमोजे.

शेवटच्या मुद्द्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला तेल-ग्रीस लागलं, तर ठिणगी नसतानाही ते पेट घेऊ शकतं. नट जड जातोय म्हणून आट्यांना तेलाचा थेंब लावणं, गाडीचं काम केलेल्या हातांनी रेग्युलेटर धरणं, तेलकट फडक्याने व्हॉल्व्हचं तोंड पुसणं, तिन्ही सारखेच घातक. ऑक्सिजनचा नट जड जात असेल तर आटे खराब आहेत किंवा रेग्युलेटर चुकीचा आहे. वंगण हा त्यावरचा उपाय नाहीच.

टप्पा १ : रिकामा बाटला सोडणे

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

१. आधी बाटल्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. बाटला रिकामा वाटत असला तरीही.

२. आता टॉर्चवरचा फक्त त्याच वायूचा व्हॉल्व्ह उघडा आणि नळीत अडकलेला वायू मोकळ्या हवेत जाऊ द्या. आसपास ज्वाला, ग्राइंडरच्या ठिणग्या किंवा तापलेला पत्रा नको.

३. रेग्युलेटरचे दोन्ही काटे शून्यावर येईपर्यंत थांबा. बाटल्याकडचाही आणि नळीकडचाही.

४. त्यानंतर रेग्युलेटरचा दाब जुळवायचा स्क्रू उलटा फिरवून पूर्ण सैल करा.

५. टॉर्चचा व्हॉल्व्ह बंद करा.

६. शेवटी नटाला पाना लावा.

पुष्कळ जण चौथी पायरी दुसऱ्या जागी करतात. व्हॉल्व्ह बंद केला की लगेच स्क्रू सैल करायचा आणि मग टॉर्च उघडायचा. दिसायला तेच काम आहे, पण स्क्रू सैल झाला की रेग्युलेटरच्या आतलं दार मिटतं. टॉर्चमधून नळीचा वायू तेवढा जातो. बाटल्याचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरचं ते दार यांच्यामध्ये जो वायू असतो, तो पूर्ण दाबाने तसाच कोंडून राहतो. नळीचा काटा शून्य दाखवतो, माणूस निर्धास्त होतो, नट सोडतो आणि रेग्युलेटर हातातून सुटतो. वायू थोडाच असतो, पण मनगट मोडायला तेवढा पुरतो.

तपासा : काटा अडकलेलाही असू शकतो. म्हणून काटे शून्यावर असले तरी नट पाव फेरा सैल करून थांबा. तोंड आणि छाती नटाच्या रेषेत ठेवू नका. क्षणभर फुस्स आवाज येऊन थांबला, तर पुढे जा. आवाज चालूच राहिला, तर बाटल्याचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही असं समजा. नट पुन्हा आवळा, बाटला उघड्या हवेत न्या, 'व्हॉल्व्ह गळतो' अशी चिठ्ठी लावा आणि पुरवठादाराला कळवा. व्हॉल्व्हवर हातोडी मारू नका.

बाटला पार रिकामा होईपर्यंत वापरू नका, थोडा दाब शिल्लक असतानाच बंद करा. पूर्ण रिकाम्या बाटल्यात बाहेरची हवा, ओल किंवा दुसऱ्या बाजूचा वायू शिरतो, आणि तो पुढच्या माणसाला भोवतो.

टप्पा २ : नवा बाटला ओळखणे आणि उभा करणे

बाटला ओळखायचा तो लेबल वाचून. रंगांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, जुने बाटले पुन्हा रंगवलेले असतात, आणि कारखान्यातल्या उजेडात गडद रंग एकसारखेच दिसतात. लेबल नसेल किंवा वाचता येत नसेल, तर बाटला परत पाठवा.

वर टोपी असेपर्यंतच बाटला हलवा. ट्रॉलीवर ठेवा, साखळीने बांधा. टोपीला धरून उचलू नका, आडवा करून लोळवू नका. जागेवर आला की आधी भिंतीला किंवा स्टँडला साखळीने बांधा आणि *मग* टोपी काढा. टोपी काढलेला, न बांधलेला बाटला पडला आणि व्हॉल्व्ह मोडला, तर तो बाटला अग्निबाणासारखा सुटतो.

ॲसिटिलीनचा बाटला नेहमी उभाच हवा. त्याच्या आत सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि वायू त्यात विरघळलेला असतो. बाटला आडवा ठेवून वापरला, तर वायूबरोबर ॲसिटोनही रेग्युलेटरमध्ये आणि नळीत येतं. तो आडवा आणलेला असेल, तर जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ उभा ठेवून मगच जोडा. किती वेळ होता ते कळत नसेल, तर दुसऱ्या दिवशी जोडा.

जवळ भट्टी, गरम पाइप किंवा कडक ऊन नको. तापमान वाढलं की दाबही वाढतो. १५ अंशांना १५० बार असलेला ऑक्सिजन ६५ अंशांना १७५ बारच्या आसपास जातो.

टप्पा ३ : व्हॉल्व्हच्या तोंडातला कचरा उडवणे

व्हॉल्व्हच्या तोंडात धूळ, गंजाचे कण, कधी कधी किडेही असतात. ऑक्सिजनच्या वेगाबरोबर असा कण रेग्युलेटरवर आदळला, तर तो आतल्या रबराला किंवा प्लास्टिकला पेटवू शकतो. म्हणून रेग्युलेटर बसवण्याआधी व्हॉल्व्ह किंचित उघडून लगेच बंद करतात. एक छोटा फुत्कार पुरे.

तोंड माणसांकडे, ज्वालेकडे किंवा दुसऱ्या बाटल्याकडे नको. तुम्ही मागे किंवा बाजूला उभे राहा. ॲसिटिलीनच्या बाबतीत हे फक्त उघड्या हवेत आणि आसपास ठिणगी नसतानाच करा. २.५ टक्के ॲसिटिलीन हवेत मिसळलं तरी ते मिश्रण पेट घेतं.

इशारा : हायड्रोजन किंवा विषारी वायूच्या बाटल्याला हा टप्पा लावू नका. सुटणारा हायड्रोजन आपोआप पेटू शकतो आणि त्याची ज्वाला दिवसा दिसतही नाही. तिथे तोंड स्वच्छ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा.

टप्पा ४ : रेग्युलेटर बसवणे

बसवण्याआधी रेग्युलेटर पाहा. तो त्याच वायूचा आहे का? त्यावर लिहिलेला दाब बाटल्याच्या दाबाइतका किंवा जास्त आहे का? काच शाबूत आहे का, काटे शून्यावर आहेत का, नटाचे आटे स्वच्छ आहेत का? कुठे तेलाचा डाग? पडलेला रेग्युलेटर वरून ठीक दिसला तरी तपासून घेतल्याशिवाय लावू नये, कारण आतली फट बाहेरून दिसत नाही.

ऑक्सिजनचे आटे उजवे असतात, जळणाऱ्या वायूंचे डावे, आणि डाव्या नटाच्या कोपऱ्यांवर सहसा खाचा असतात. नट हाताने फिरवून दोन-तीन फेरे सहज चढला पाहिजे. चढत नसेल तर जोडी चुकली आहे. जोर लावून बसवणं आणि मध्ये कुठलातरी ॲडाप्टर घालणं, यासारखी वाईट सवय या कामात दुसरी नाही. आटे वेगळे ठेवले आहेत तेच मुळी चुकीचा वायू चुकीच्या जागी जाऊ नये म्हणून.

नट हाताने चढला की पान्याने बेताने आवळा. पान्याला पाइप लावून लांबी वाढवू नका. गळतं म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपही गुंडाळू नका, कारण हा जोड आट्यांवर बंद होतच नाही. तो आतल्या बैठकीवर किंवा वायसरवर बंद होतो. टेपचे तुकडे मात्र रेग्युलेटरमध्ये जातात.

ॲसिटिलीनच्या बाजूला तांब्याचा पाइप किंवा तांब्याचं जोडकाम कधीच नको. ॲसिटिलीन आणि तांबं यांच्यापासून स्फोटक संयुग तयार होतं. 'दोन इंचांचाच तर तुकडा आहे' हे कारण ऐकून घेऊ नका.

तपासा : पुढे जाण्याआधी दाबाचा स्क्रू पूर्ण सैल आहे ना, टॉर्चचे व्हॉल्व्ह बंद आहेत ना, उलट्या ज्वालेला अडवणारे अरेस्टर जागेवर आहेत ना? स्क्रू आवळलेला राहिला, तर बाटल्याचा दाब थेट रेग्युलेटरच्या आतल्या लवचीक पडद्यावर आणि नळीवर येतो.

टप्पा ५ : बाटल्याचा व्हॉल्व्ह उघडणे

इथे तुम्ही कुठे उभे राहता ते सगळ्यात महत्त्वाचं. गेजची काच तुमच्याकडे नको, आणि गेजच्या पाठीमागेही उभे राहू नका, कारण गेज फुटला तर पुढूनही उडतो आणि मागूनही. बाजूला, व्हॉल्व्ह तुमच्या आणि रेग्युलेटरच्या मध्ये येईल असे उभे राहा. चष्मा लावा. काटा बघायला वाकायची गरज नाही, तो बाजूनेही दिसतो.

व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. काटा रांगत वर चढला पाहिजे. तो उडी मारून वर गेला तर तुम्ही घाई केलीत. एका वातावरणाच्या दाबाचा वायू क्षणात १५० बारपर्यंत दाबला गेला, तर हिशोबाने त्याचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. प्रत्यक्षात काही उष्णता धातूत मुरते, तरी रेग्युलेटरच्या आतली रबराची चकती पेटायला एवढी उष्णता पुरते, आणि ऑक्सिजनमध्ये एकदा आग लागली की धातूही जळू शकतो. हे सगळं टळतं ते केवळ दोन-तीन सेकंद सावकाश हात चालवल्याने.

काटा स्थिर झाला की ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. ॲसिटिलीनचा मात्र पाऊण ते एक फेरा, जास्तीत जास्त दीड, आणि चावी व्हॉल्व्हवरच राहू द्या. आग लागली तर तो एका झटक्यात बंद करता आला पाहिजे. चावी खिशात घालून चहाला जाणारा माणूस आपल्याबरोबर बंद करण्याची सोयही घेऊन जातो.

टप्पा ६ : गळती पाहणे

टॉर्चचे व्हॉल्व्ह बंद ठेवून रेग्युलेटरचा स्क्रू थोडा आवळा, म्हणजे नळीत दाब येईल. मग बाटल्याचा जोड, व्हॉल्व्हची दांडी, नळीची दोन्ही टोकं आणि टॉर्चचे जोड यांना द्रावण लावा. बुडबुडे येतात का ते नीट बघा. बारीक गळतीचा फेस जमायला थोडा वेळ लागतो.

दुसरी चाचणीही करा. बाटल्याचा व्हॉल्व्ह बंद करून पाच मिनिटं काट्यावर लक्ष ठेवा. काटा खाली आला तर कुठेतरी गळती आहे.

- जोड गळत असेल तर आधी बाटल्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दाब सोडा. मगच आवळा. दाब असताना आवळायला गेलात, तर नट तुटण्याचा धोका आहे.
- गळती शोधायला काडी किंवा लायटर नको. हे लिहावं लागतंय हेच दुर्दैव.
- दाब असलेल्या जोडावरून किंवा नळीच्या भेगेवरून बोट फिरवू नका. बारीक छिद्रातून सुटणारा झोत कातडीत शिरू शकतो.

टप्पा ७ : नळ्या मोकळ्या करणे, दाब लावणे, पेटवणे

दोन्ही नळ्या एकेक करून मोकळ्या करा. टॉर्चचा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह उघडा, काही सेकंद वायू जाऊ द्या, बंद करा. मग ॲसिटिलीनचा. दोन्ही एकदम उघडले की एकाचा वायू दुसऱ्याच्या नळीत शिरू शकतो, आणि त्या मिश्रणाला ज्वाला मिळाली की नळी फुटते. लांब नळीला जास्त वेळ द्या.

वायू वाहता ठेवून दाब लावा. कोणत्या नोझलला किती दाब हवा ते उत्पादकाच्या तक्त्यात बघा. ॲसिटिलीनचा दाब गेजवर १ बारच्या वर नेऊ नका. त्याहून जास्त दाबाला मोकळं ॲसिटिलीन ऑक्सिजनशिवायही फुटू शकतं.

आधी ॲसिटिलीन पेटवा, मग ऑक्सिजन वाढवा. पेटवायला ठिणगीचा लायटरच हवा. सिगारेटचा लायटर नको, आणि तो खिशातही नको.

टप्पा ८ : बंद करणे आणि उलटी ज्वाला

रोजचं काम संपलं की टॉर्चवर आधी ॲसिटिलीन बंद करा, मग ऑक्सिजन. त्यानंतर दोन्ही बाटले बंद करा आणि टप्पा १ मधल्या क्रमानेच दाब सोडा, पण एका वेळी एकच बाजू.

टॉर्चमधून सतत शिट्टीसारखा आवाज यायला लागला, काळा धूर निघाला किंवा हँडल तापलं, तर ज्वाला आत शिरली आहे. इथे क्रम उलटा होतो. *आधी ऑक्सिजन* बंद करा, मग ॲसिटिलीन, मग लगेच दोन्ही बाटले. ज्वाला टॉर्चच्या आत ऑक्सिजनवर जगत असते, तो तोडला की ती विझते. माणसं या दोन क्रमांची सरमिसळ करतात, म्हणून ते सेटजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावा. तुमच्या टॉर्चच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल, तर तोच लिहा.

इशारा : अशा प्रसंगानंतर ॲसिटिलीनचा बाटला गरम लागला किंवा त्याचा रंग करपलेला दिसला, तर तो हलवू नका. आत विघटन सुरू झालेलं असू शकतं, आणि बाहेरची ज्वाला विझली तरी ते चालू राहतं. सगळ्यांना दूर न्या, अग्निशमन दलाला बोलवा, आणि बाटला ॲसिटिलीनचा आहे हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.

कॉम्प्रेसर आणि बंद जागा

कपडे झटकायला कॉम्प्रेसरची हवा मारणं हा खेळ नाही. जखमेतून, कानातून किंवा शरीराच्या कोणत्याही छिद्रातून हवा आत गेली, तर ती प्राणघातक ठरू शकते. गंमत म्हणून दुसऱ्यावर हवा मारणाऱ्याला त्या दिवशी कामावरून घरी पाठवावं, असं माझं मत आहे. कपड्यांवर ऑक्सिजन मारणं तर त्याहून वाईट. कापडात मुरलेला ऑक्सिजन काही वेळ तिथेच राहतो, आणि तेवढ्यात पडलेली ठिणगी सगळा कपडा पेटवते.

आर्गॉन, नायट्रोजन हे वायू जळत नाहीत, म्हणून लोक निश्चिंत असतात. पण टाकीत किंवा खड्ड्यात ते हवेची जागा घेतात. त्यांना वास नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. माणूस सरळ कोसळतो. त्याला काढायला धावत आत उतरणारा दुसरा माणूसही तिथेच पडतो. श्वसनाचं साधन आणि प्रशिक्षण नसेल तर आत जाऊ नका. बाहेरून हवा सोडा आणि मदत बोलवा.

इजा झालीच तर

सगळ्यात आधी वायू बंद करा, तोही तुम्हाला धोका न होता बंद करता येत असेल तर. मग माणसाकडे वळा.

*कातडीत झोत शिरला :* बाहेरून टोचल्याएवढं छिद्र दिसतं, दुखतही फारसं नाही, आणि म्हणूनच फसगत होते. आजूबाजूला सूज येते, दाबल्यावर कधी कधी कातडीखाली करकर लागते. चोळू नका, दाबून हवा काढायला जाऊ नका, शेक देऊ नका. अंगठी, घड्याळ काढा, हात स्थिर ठेवा आणि लगेच रुग्णालयात जा. 'उद्या बघू' यात बोट जाऊ शकतं, विशेषतः वायूबरोबर तेल आत गेलं असेल तर. डॉक्टरांना वायूचं नाव, दाब आणि इजेची वेळ सांगा. शरीरात हवा गेल्यानंतर धाप, छातीत दुखणं, बोलण्यात गोंधळ किंवा अंगाच्या एका बाजूला अशक्तपणा दिसला, तर आडवं झोपवा आणि रुग्णवाहिका बोलवा.

*डोळ्यात धूळ किंवा वायूचा झोत :* स्वच्छ, कोमट पाण्याने १५ ते २० मिनिटं धुवा. काचेचा किंवा धातूचा कण रुतला असेल तर धुऊ नका, काढू नका, चोळू नका. डोळ्याला न टेकणारं काहीतरी कडक झाकण वर ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या.

*भाजणं :* वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नको, कोणताही लेप नको. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका.

*द्रव वायूने गारठून झालेली जखम :* चोळू नका, आगीजवळ नेऊ नका. अंगाच्या तापमानाएवढ्या कोमट पाण्यात भाग बुडवा. कापड गोठून चिकटलं असेल तर ते पाण्यात सुटू द्या.

*कानाजवळ स्फोट किंवा मोठा झोत :* कान बधिर झाला, आवाज घुमायला लागला, तर त्याच दिवशी दाखवा. कानात थेंब घालू नका.

माणूस रुग्णालयात गेला की सेटकडे या. रेग्युलेटर, नळी, टॉर्च यातलं काहीही जोडापासून सोडवू नका, स्क्रू फिरवू नका, साफ करू नका. वायू बंद असल्याची खात्री करा आणि सगळं जसंच्या तसं ठेवून फोटो काढा. कोणता व्हॉल्व्ह किती उघडा होता आणि काटे कुठे होते ते लिहून ठेवा, 'वापरू नये' अशी चिठ्ठी बांधा आणि जागा दोरीने बंद करा. रेग्युलेटर तपासणाऱ्याच्या हाती तो न उघडलेल्या स्थितीतच गेला पाहिजे.